निर्मात्याला पटकथा पाठवायची आहे: वर्ड, लिब्रे ऑफिस की फायनल ड्राफ्ट?

विजापूर_वेस

नमस्कार मंडळी,

एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटकं लिहिता लिहिता यंदा पहिली पटकथा पूर्ण झाली. सोलापूरच्या पूर्व भागातलं पद्मशाली (तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातलं) कुटुंब, घरातच टॉवेलचे यंत्रमाग, थोरला मुलगा माग विकून टाकू म्हणतोय आणि आईला ते मान्य नाही, अशी गोष्ट आहे. पुण्यातल्या एका निर्मात्यांना कथासार आवडलं. "आता पटकथा नीट फॉरमॅटमध्ये पाठवा," असा त्यांचा निरोप आला. नीट म्हणजे कशी, असं विचारलं तर "जशी असते तशी" एवढंच उत्तर मिळालं.

माझ्याकडे विंडोजचा जुना लॅपटॉप आहे. आजवर सगळं लेखन वर्डमध्ये, नाटकाच्या पद्धतीनं: डावीकडे पात्राचं नाव, पुढे संवाद, हालचाली कंसात. पटकथेसाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं का? फायनल ड्राफ्टचं नाव सगळेच घेतात, पण मराठीत ते रोजच्या कामाला कोणी वापरतं का? लिब्रे ऑफिस पुरेल का?

आणखी एक अडचण. पात्रं घरात तेलुगू बोलतात, बाजारात मराठी, आणि एकजण अक्कलकोटकडचा, कन्नड बोलणारा. हे सगळं एकाच फाईलमध्ये बसवायचं आहे. या कुटुंबाची भाषा जशी ऐकली तशीच वाचणाऱ्यापर्यंत जावी, म्हणून एवढी धडपड. अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.

पार्क_चौक

वर्ड. निर्माता फोनवर पीडीएफ उघडणार. तुम्ही ती कशात केली हे त्याला दिसतही नाही.

सिद्धेश्वर_एक्स्प्रेस

पार्क_चौक, वाचण्यापुरतं तुमचं बरोबर. पण पटकथा फक्त वाचली जात नाही, तिच्यावर काम केलं जातं. मी मूळचा जुळे सोलापूरचा, आता मुंबईत दिग्दर्शन विभागात साहाय्यक आहे, म्हणून त्या बाजूनं लिहितो.

पटकथा आमच्याकडे आली की पहिलं काम ब्रेकडाउन. कुठला सीन कुठे, दिवस की रात्र, कोण पात्रं, काय प्रॉपर्टी (सीनमध्ये लागणाऱ्या वस्तू), कोणते कपडे. सीनची लांबी पानाच्या आठव्या भागात मोजतात: अमुक सीन पानाचा तीन अष्टमांश, तमुक एक पान दोन अष्टमांश. त्यावरून दिवसाला किती शूट होईल ते ठरतं. फायनल ड्राफ्टची एफडीएक्स फाईल असेल तर सीनची शीर्षकं आणि पात्रांची नावं शेड्युलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट जातात. वर्डची फाईल असेल तर आम्ही बसून हातानं भरतो. मोठ्या हिंदी निर्मितीत म्हणूनच एफडीएक्स मागतात.

मराठीत मात्र वर्ड किंवा पीडीएफच जास्त येतं, हेही खरं. त्यामुळे निर्मात्यानं नाव घेऊन मागितलं नसेल तर पहिल्या वाचनासाठी पैसे घालू नका. फायनल ड्राफ्टची चाचणी आवृत्ती फुकट मिळते. तीत तुमचे दोन सीन टाकून बघा. जोडाक्षरं आणि वेलांट्या पडद्यावर आणि पीडीएफमध्ये दोन्हीकडे नीट दिसतात का, ते तुमच्याच संगणकावर तपासा. दुसऱ्याच्या संगणकावर दिसलं म्हणजे तुमच्याकडे दिसेलच असं नाही.

कडक_भाकरी

पटकथेसोबत शेंगा चटणीचं पाकीट पाठवा मालक, फॉरमॅटकडे कोणाचं लक्ष जाणार नाही :)

नेपथ्य_आणि_प्रकाश

लिब्रे ऑफिसवर बरंच काम केलंय, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

फुकट आहे, २०१० पासून सतत सुधारत आलंय आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट आधीच करून घ्यावी. सेटिंगमधल्या भाषांच्या पानावर "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" चालू करा. त्यानंतर अक्षरांच्या खिडकीत दोन फॉन्ट दिसतात, एक पाश्चात्त्य लिप्यांसाठी आणि एक देवनागरीसारख्या लिप्यांसाठी. तुम्ही वरचा फॉन्ट बदलत बसता आणि मराठी मजकूर ढिम्म हलत नाही, कारण मराठीला खालचा फॉन्ट लागू असतो. वर्डमध्येही हीच भानगड आहे, तिथं "कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स" असा कप्पा असतो आणि त्याचा आकारही वेगळा ठेवता येतो. आकडे एका मापाचे आणि अक्षरं दुसऱ्या मापाची दिसली की कारण बहुधा इथंच सापडतं.

आता मुख्य मुद्दा. सॉफ्टवेअर कुठलंही असो, स्टाईल (फॉन्ट, समास, अंतर यांचा नाव देऊन जपलेला साचा) वापरा. सीनचं शीर्षक, वर्णन, पात्र, संवाद, कंसातली सूचना, अशा पाच स्टाईल करून ठेवा. प्रत्येक स्टाईलला "पुढची स्टाईल कोणती" हे सांगता येतं. पात्रानंतर संवाद, संवादानंतर पुन्हा पात्र. मग नुसतं एंटर दाबत गेलं की आपोआप जागच्या जागी बसतं. पात्राच्या स्टाईलला "कीप विथ नेक्स्ट" लावा, म्हणजे पानाच्या तळाशी नुसतं नाव आणि संवाद पुढच्या पानावर, असं होणार नाही. सीनच्या शीर्षकासाठी हेडिंग १ वापरा. मग वर्डच्या नॅव्हिगेशन पेनमध्ये किंवा लिब्रेच्या नॅव्हिगेटरमध्ये (एफ५) सगळ्या सीनची यादी दिसते आणि सीन धरून वरखाली करता येतो. मागावर ताणा एकदा नीट लागला की पुढचं कापड सरळ येतं, तसंच हे. पाचशे रुपयांचं सॉफ्टवेअर असो की पंधरा हजारांचं, आत हेच चालतं.

स्पेसबार दाबून दाबून संवाद मध्यभागी आणू नका. फॉन्ट बदलला की सगळी रचना कोसळते.

पार्क_चौक

नेपथ्यताई, हे जपून ठेवलंय. आमच्या ग्रुपमध्ये निम्मी मंडळी स्पेसबारवाली आहेत.

सात_रस्ता_डीटीपी

मी डीटीपीचा धंदा करतो. नवी पेठेतून, टिळक चौकातून लेखक हातानं लिहिलेली वही घेऊन येतात आणि आम्ही टाईप करून देतो. मला सांगायचंय ते फॉन्टबद्दल.

छपाईच्या धंद्यात श्रीलिपी, आकृती, शिवाजी असे फॉन्ट वर्षानुवर्षं चालत आले. कागदावर छापायला ते उत्तमच. पण त्यांच्या जुन्या फॉन्टांत अक्षरामागे युनिकोड (सगळ्या संगणकांवर त्या अक्षराला ठरलेला एकच क्रमांक) नसतं. रोमन अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असतात. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसेल तर तुमच्या अख्ख्या पटकथेच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. एका नाट्यसंस्थेची संहिता अशीच स्पर्धेच्या तोंडावर बाहेरगावी गेली आणि तिकडून फोन आला की "हे काय पाठवलंय?" रातोरात पीडीएफ करून द्यावी लागली.

तेव्हा टाईप करून घ्यायचं असेल तर सेंटरवाल्याला पहिलंच वाक्य सांगा: युनिकोडमध्ये पाहिजे. जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर कन्व्हर्टर मिळतात, पण नंतर डोळ्यांनी वाचून काढावंच लागतं. "र्‍य" आणि "र्य", "कऱ्हाड", "दुसऱ्या", हलन्त आणि पहिली वेलांटी, हे हमखास बिघडतं.

फाउंटनवाला

माझं मत जरा वेगळं. पटकथा साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहावी. फाउंटन नावाची एक पद्धत २०१२ मध्ये आली. त्यात नोटपॅडमध्येही लिहिता येतं. सीनचं शीर्षक, पात्र, संवाद हे सगळं मांडणीवरून ओळखलं जातं आणि नंतर एखाद्या अ‍ॅपमध्ये उघडून पीडीएफ किंवा एफडीएक्स करता येतं. फाईल काही केबींची. फोनवर, लॅपटॉपवर, कुठंही उघडते, आणि उद्या एखादी कंपनी बंद पडली तरी तुमचं लिखाण तुमच्याकडे राहतं.

मराठीसाठी एक मेख आहे. सगळी अक्षरं कॅपिटल असलेली ओळ म्हणजे पात्राचं नाव, असं फाउंटन धरतं. देवनागरीत कॅपिटल नाहीतच. म्हणून नावाच्या आधी @ हे चिन्ह द्यायचं आणि सीनच्या शीर्षकाआधी टिंब. असं:

.आत. यंत्रमागाचा कारखाना - रात्र

@मल्लम्मा
वीज आली का रे?

@श्रीनिवास
आली. पण मी माग लावणार नाही.

एवढं सांभाळलं की सगळं चालतं.

सिद्धेश्वर_एक्स्प्रेस

फाउंटनवाला, पीडीएफ करताना फॉन्टचं काय? पटकथेची बहुतेक अ‍ॅप्स कुरिअर या रोमन फॉन्टवर बेतलेली आहेत. कुरिअर प्राइममध्ये देवनागरी नाही. मी मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन छापून आलेले पाहिलेत.

फाउंटनवाला

रास्त प्रश्न. ज्या अ‍ॅपमध्ये फॉन्ट बदलता येतो तेच घ्यायचं. मी स्वतः पीडीएफ त्या अ‍ॅपमधून करतच नाही. मजकूर लिब्रेमध्ये नेतो, नेपथ्य_आणि_प्रकाश यांनी सांगितल्या तशा स्टाईल लावतो आणि तिथून पीडीएफ काढतो. लिहिण्याची जागा वेगळी, पाठवण्याची वेगळी.

नेपथ्य_आणि_प्रकाश

म्हणजे शेवटी सगळे लिब्रेतच आले :)

मधली_विंग

मी मालिकांचे संवाद लिहिते. आमच्याकडे वनलाइन (प्रसंगांचा थोडक्यात आराखडा) एकजण करतो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा. रात्री उशिरा एपिसोड येतो आणि सकाळी शूट असतं. अशा कामाला गूगल डॉक्सला तोड नाही. तिघे एकाच फाईलवर काम करतो, बाजूला टिपण टाकता येतं, जुनी आवृत्ती परत मिळते. वीज गेली तरी टाईप केलेलं जात नाही, आणि उन्हाळ्यात हा विचार करावाच लागतो. बोलून मराठी टाईप करायची सोयही त्यात आहे. विरामचिन्हं हातानं घालावी लागतात, पण पहिल्या खर्ड्याला झकास.

पण निर्मात्याला कधीही संपादनाचा अधिकार असलेली लिंक पाठवू नये. पीडीएफ जोडून ई-मेल करावा. तारीख, विषय, जोडलेली फाईल, तिन्ही तुमच्याकडे नोंदलेलं राहतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पानांचे फोटो काढून पाठवणारेही आहेत, ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर अन्याय करतात.

अक्कलकोट_रोड

सगळे लेआउटवर बोलतायत, मला बोलीचं विचारायचंय. मी आपल्या सोलापुरी बोलीत संवाद लिहितो. "काय करायलाव", "जायलाव का", "होय की बे". वर्ड अख्ख्या पानाखाली लाल रेघा मारतं. एकदा तर आपोआप दुरुस्तीनं शब्दच बदलून टाकले. लिहिण्याची लयच तुटते. तुम्ही काय करता?

मधली_विंग

आपोआप दुरुस्ती पूर्ण बंद करायची. संवादाच्या स्टाईलमध्ये "शुद्धलेखन तपासू नका" असा पर्याय लावता येतो. वर्णनाच्या स्टाईलमध्ये तपासणी चालू ठेवायची, कारण वर्णन प्रमाण मराठीत असतं. म्हणजे लाल रेघ दिसली की ती खरोखर बघण्यासारखी असते.

पण बोलीबद्दल मनातलं सांगते. "करायलाव" लिहिलंत तर सगळीकडे तेच ठेवा. एका पानावर "करायलाव", पुढच्या पानावर "करतोयस" असं झालं की नट गोंधळतो. बाहेरगावच्या नटाला आपली बोली कानानं ठाऊक नसते, त्याला कागदच आधार असतो. माझ्या संगणकावर बोलीतल्या शब्दांची एक यादी आहे. काम संपलं की शोधा-आणि-बदला वापरून मी सगळं एकसारखं करून घेते.

हुतात्मा_बाल्कनी

आमच्या वेळी हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग असला की प्रॉम्प्टरची प्रत वेगळी असायची, ठळक आणि मोठ्या अक्षरात. विंगेत अंधार. एका हातात बॅटरी, एका हातात संहिता. हातानंच लिहायचो. कार्बन लावून प्रती काढायच्या, तिसरी प्रत कोणाला जाईल यावर भांडणं व्हायची. आज एक बटण दाबलं की अक्षर मोठं होतं याचं मला फार कौतुक वाटतं. तरुणांनी याचा फायदा जरूर घ्यावा.

आणि नाटकवाल्यांसाठी: सार्वजनिक प्रयोग करायचा असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. तिथे पटकथेचा फॉरमॅट नको, नाटकाचाच ठेवा. पानांना क्रमांक हवेतच.

कडक_भाकरी

काका, प्रॉम्प्टरची एखादी आठवण अजून लिहा ना!

हुतात्मा_बाल्कनी

लिहीन, पण वेगळ्या धाग्यात. इथं विजापूर_वेस यांचा प्रश्न महत्त्वाचा.

होटगी_नाका

एक पान म्हणजे एक मिनिट, हा हिशेब मराठीत धरायचा का? स्पर्धेला वेळेची मर्यादा असते, त्यामुळे मला हे कायम सतावतं.

सिद्धेश्वर_एक्स्प्रेस

नाही, आहे तसा धरू नका. तो हिशेब १२ पॉइंट कुरिअरचा. त्यात प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं, इंचाला १० अक्षरं, आणि कागद अमेरिकन लेटर मापाचा. आपण ए४ वापरतो आणि देवनागरीत प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. त्यातही फॉन्ट बदलला की पानं बदलतात. मंगल या फॉन्टच्या ओळी मुळातच उंच असतात, तीच पटकथा दुसऱ्या फॉन्टमध्ये बरीच कमी पानांत बसते. काहीजण ओळींचं अंतर "एक्झॅक्टली" करून लहान करतात, मग वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात. तेही बघा.

मधली_विंग

मोठ्यानं वाचून घड्याळ लावायचं. दोन-तीन प्रकारचे सीन घ्या: एक नुसत्या संवादाचा, एक कामाचा, एक गर्दीचा. प्रत्येकाला किती मिनिटं लागली आणि किती जागा लागली ते टिपा. तुमच्या फॉन्टचं, तुमच्या लिहिण्याचं माप तुम्हाला मिळतं. मग तो फॉन्ट आणि ते समास शेवटपर्यंत बदलायचे नाहीत.

होटगी_नाका

हे जमेल. आभार.

कोर्टाची_पायरी

मी वकील आहे. सॉफ्टवेअरइतकंच महत्त्वाचं दुसरं काम राहून जाऊ नये म्हणून लिहितोय. पाठवण्याआधी नोंदणी करा.

मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासदांना ऑनलाइन नोंदणी करता येते, पीडीएफ अपलोड करायची असते. शिवाय कॉपीराइट कायदा १९५७ खाली सरकारी नोंदणी आहे, साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये. कॉपीराइट मुळात लिहिल्याबरोबरच निर्माण होतो. वाद झाला तर नोंदणी पुराव्याच्या कामी येते.

एक गोष्ट नीट समजून घ्या. कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या मांडणीला देतो. १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. तिथं नाटककाराचा दावा होता की त्याच्या नाटकावरून सिनेमा केला, आणि तो दावा टिकला नाही. म्हणून चार ओळींच्या कल्पनेवर विसंबू नका. सविस्तर पटकथा, संवादांसह, नोंदवा. आणि नोंदवलेली तीच पीडीएफ निर्मात्याला पाठवा.

विजापूर_वेस

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीनं लिहिलंत!

वाचता वाचता प्रयोग करत गेलो. लिब्रेमध्ये स्टाईल करून पहिले काही सीन बसवले, सीनची यादी बाजूला दिसायला लागली आणि लक्षात आलं की कारखान्यातले सलग चार सीन रात्रीचेच आहेत. तेव्हाच त्यातला एक दुपारी नेला, आणि आईचा तो प्रसंग भर उन्हात जास्त बोचरा झाला.

फायनल ड्राफ्टची चाचणी अजून बाकी आहे. पण तेलुगू-कन्नडचा प्रश्न तसाच आहे. तेलुगू लिपीत लिहू की देवनागरीत?

सात_रस्ता_डीटीपी

फॉन्टपुरतं सांगतो. विंडोजवर निर्मला यूआय नावाचा फॉन्ट असतो, विंडोज ८ पासून. त्यात देवनागरी, तेलुगू, कन्नड तिन्ही आहेत. गूगलच्या नोटो कुटुंबातही तिन्ही लिप्यांचे एकमेकांना शोभणारे फॉन्ट आहेत आणि ते फुकट आहेत. छापायला सेरिफवाला बरा वाटतो. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्राही छान आहे. नव्या विंडोजवर मंगल मुळात बसवलेला नसतो, पर्यायी फॉन्ट म्हणून घ्यावा लागतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

टायपिंगसाठी विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची ठरलेली कीबोर्ड मांडणी) येत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण तेलुगू आणि कन्नडमध्येही कळांच्या जागा जवळपास त्याच राहतात.

अशोक_चौक_पोट्टा

आमचं घर तेलुगू बोलतं, शाळा मराठी. माझं म्हणणं: देवनागरीतच लिहा. तुमची आई करणारी नटी तेलुगू लिपी वाचू शकेल का? निर्माते वाचू शकतील का? संवाद देवनागरीत, त्याच्याखाली कंसात मराठी अर्थ. उदाहरणार्थ "इक्कडिकि रा" आणि खाली (इकडे ये). कन्नडवाल्याचं "इल्ली बा" तसंच. तेलुगूत ए आणि ओ ऱ्हस्व पण असतात. युनिकोडमध्ये त्यांच्यासाठी देवनागरी खुणा आहेत, पण नटाला त्या माहीत नसतात, उगाच अडखळेल. त्यापेक्षा घरातल्या कोणाच्या तरी आवाजात ते संवाद रेकॉर्ड करून फाईलसोबत द्या.

आणि एक विनंती. आमच्या घरातलं तेलुगू आंध्रातल्या पुस्तकातलं तेलुगू नाही. पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरात राहून त्यात मराठी मिसळलंय. ते तसंच लिहा. सिनेमात आमची भाषा ऐकायला मिळाली तर आमची आजी रडेल.

विजापूर_वेस

अशोक चौक, तुमच्या शेवटच्या ओळीनं गलबलून आलं. मल्लम्माचे सगळे संवाद पूर्व भागातल्या एका मावशींकडून वाचून घेतोय. त्या म्हणतील तसेच ठेवणार.

पार्क_चौक

आता पीडीएफ एकच पाठवणार की वर्डची फाईलही?

मधली_विंग

पहिल्यांदा फक्त पीडीएफ. होकार आला, करार झाला, मग वर्डची फाईल (.docx). मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, त्यामुळे पुढे कामाला मूळ फाईल लागतेच. मुखपृष्ठावर नाव, लेखक, खर्डा क्रमांक, तारीख, फोन. प्रत्येक पानाच्या माथ्यावर शीर्षक आणि खर्ड्याची तारीख. फाईलचं नाव रोमन अक्षरात ठेवा, म्हणजे कुठल्याही संगणकावर उघडताना अडत नाही. फोनवर वाचणारे असतील तर अक्षर १४ पॉइंट करा.

सिद्धेश्वर_एक्स्प्रेस

सीनचे क्रमांक पहिल्या खर्ड्यात नसले तरी चालतात. शूटसाठी एकदा लॉक झाले की बदलायचे नाहीत. मधे सीन घुसला तर १२अ. काढला तर १२ च्या जागी "वगळला" लिहायचं. नाहीतर आमचं आखून ठेवलेलं शेड्युल सगळं हलतं.

फाउंटनवाला

आणि शक्य असेल तर साध्या मजकुराची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. पेन ड्राइव्हवर, मेलमध्ये, कुठंही.

विजापूर_वेस

ठरलं. फायनल ड्राफ्टची चाचणीही केली, दोन सीन टाकून पाहिले. निर्मात्यांनी नाव घेऊन मागितलेलं नाही, त्यामुळे आत्ता विकत घेत नाही. लिहिणं लिब्रेमध्ये स्टाईल लावून, फॉन्ट नोटो सेरिफ १४ पॉइंट, ए४. तेलुगू आणि कन्नड देवनागरीत, खाली अर्थ. उद्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या सभासदत्वाचा अर्ज भरतोय. नोंदणी झाली की तीच पीडीएफ पुण्याला.

ज्यांना हवं असेल त्यांच्यासाठी पाच स्टाईल केलेला रिकामा टेम्प्लेट देईन. व्यक्तिगत निरोप टाका.

होटगी_नाका

मला हवा. माझ्याकडे वर्ड आहे, चालेल का?

नेपथ्य_आणि_प्रकाश

चालेल, डॉट्‌एक्स (.dotx, म्हणजे वर्डचा टेम्प्लेट) म्हणून जतन करून द्या. विजापूर_वेस, पाठवण्याआधी तो एकदा वर्डमध्ये उघडून बघा. कंसातल्या सूचनेचा डावा समास मधेच बदलतो असं मला दिसलंय.

विजापूर_वेस

बघतो. मावशींचं वाचन आज संध्याकाळी आहे, त्यानंतर बसतो.